क्रेटर लेकला ग्रुप घेऊन जाणाऱ्या लीडर लोकांना खुलं पत्र, लायनीत शेवटून दुसरीकडून

प्रिय लीडर मंडळींनो,

ट्रेक लीडर, टूर मॅनेजर, ग्रुप ॲडमिन, ज्याला जे लागू असेल ते. मी तुमच्या लायनीत शेवटून दुसरी असते. शेवटचा तो तुमच्या टीममधला मुलगा, ज्याला तुम्ही मागे लक्ष ठेवायला सोडता, आणि त्याच्या पुढे दहा पावलांवर मी. वॉकीटॉकीवर "मॅडम कुठवर आल्यात?" असं विचारता ना, त्या मॅडम. तर मॅडमना आज जरा बोलायचंय, रागावून नाही, म्हणजे थोडंसं रागावूनच, पण ऐकून घ्या.

मागच्या ट्रिपला एका ग्रुपबरोबर क्रेटर लेकला गेले होते. ज्वालामुखीचा जुना खड्डा, आतून चारी बाजूंनी गच्च जंगल, तळाला हिरवंनिळं पाणी. कुठलं तळं ते सांगत नाही कारण नाव घेतलं की ग्रुप कळेल आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, लीडर पोरगा मनाने चांगला होता. दहा वाजता रिमवर, म्हणजे खड्ड्याच्या वरच्या कडेवर पोचलो, त्याने हात केला, "ते बघा तळं, खाली चाळीस मिनिटं, चला चला चला", आणि सगळे जे सुटले ते खाली पाण्यात. उड्या, सेल्फी, स्पीकर. एका ताईंनी चक्क शॅम्पू काढून केस धुतले. दोन वाजता परत चढायला लागलो तेव्हा बाटल्या रिकाम्या, पायात गोळे, आणि माझ्या पुढचे एक काका, साठीचे असतील, तिसऱ्या वळणावर बसले ते उठेचनात. चाळीस मिनिटांची वाट वर यायला आम्हाला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मी भरपूर विचार केला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पहिली गोष्ट. डोंगराला जाताना माणूस आधी चढतो, दमला की मागे फिरतो, आणि मागे फिरलं की उतारच असतो. म्हणजे डोंगर तुम्हाला वेळेत सांगतो की तुझ्याने होणार नाही. क्रेटर सांगत नाही. तो आधी लाडाने खाली बोलावतो, सावली देतो, गार पाणी देतो, आणि मग सगळी वसुली शेवटी करतो, भर दुपारी, पोट भरलेलं असताना. इक्वाडोरमध्ये किलोटोआ नावाचं असंच तळं आहे, ३,९०० मीटरच्या आसपास उंचीवर त्याची कड, तिथे उतरताना बहुतेक जण मजेत चालत जातात आणि खाली खेचरवाले उभेच असतात, कारण वर यायच्या वेळी काय होणारे ते त्यांना रोजच्या रोज दिसतं. अमेरिकेत ओरेगन राज्यात क्रेटर लेक याच नावाचं तळं आहे, तिथे २०२५ पर्यंत काठापर्यंत उतरायला एकच कायदेशीर वाट खुली होती, जेमतेम पावणेदोन किलोमीटर, पण उतार दोनशे मीटरच्या वर. ऐकायला किरकोळ वाटतं. गुडघ्यांना विचारा.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की "सोपा ट्रेक, फक्त खाली उतरायचंय" असं मेसेजमध्ये लिहू नका. "शेवटी चढ आहे" हे लिहा, ठळक लिहा. आणि चढताना लाईन उलटी करा. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. मला माहितीये तरण्या पोरांना ते आवडत नाही, त्यांना धावायचं असतं, पण हळू माणूस पुढे असला की तो एकटा पडत नाही आणि प्रत्येक वळणावर "आले का, चला" म्हणून लगेच उठून चालायला लागणाऱ्यांकडे त्याला बघत बसावं लागत नाही. तुम्ही दहा मिनिटं विश्रांती घेतलेली असते, आम्ही पोचलो की तुमची विश्रांती संपते, आमची सुरूच झालेली नसते. हे एकदा मागे चालून बघा म्हणजे कळेल.

आता पाण्याचं. आमच्या लीडरला मी रिमवर विचारलं की हे नक्की कुठल्या प्रकारचं तळं, तर म्हणाला "व्होल्कॅनिक आहे मॅडम, डेड आहे, काळजी करू नका". बरं. पण डेड म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि सगळी तळी एकाच साच्यातली नसतात. कुठे वरून तोंड उडालेला खड्डा असतो. कुठे मॅग्मा, म्हणजे खालचा वितळलेला खडक, जमिनीखालच्या पाण्याला भेटून वाफेचा स्फोट होतो आणि वाडग्यासारखं खोल भोक पडतं, त्याला मार म्हणतात, हा शब्द जर्मनीच्या आयफेल भागातल्या बोलीतला. आणि कुठे ज्वालामुखी एवढं ओकतो की खालची मॅग्माची कोठी रिकामी होऊन अख्खा डोंगरच आत बसतो, तो काल्डेरा. ओरेगनचं ते तळं नावाने क्रेटर असलं तरी खरं तर काल्डेरा आहे, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा डोंगर आत कोसळला त्यातून झालेलं, ५९४ मीटर खोल. (आणि दर ट्रिपला कुणीतरी लोणारचं नाव काढतंच, तर ते ज्वालामुखीचं नाही हो, बेसाल्टच्या खडकावर उल्का आदळून झालेलं आहे, दगड ज्वालामुखीचा आणि खड्डा आकाशातून आलेला.)

हे फुकटचं ज्ञान म्हणून सांगत नाहीये. मारचे काठ सरळसोट असतात. आपल्याला नदीची, धरणाची सवय, हळूहळू खोल होत जाईल असं वाटतं, आणि इथे कधीकधी दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला खाली काहीच नाही. वरचं पाणी उन्हाने कोमट, त्याच्या खाली एकदम गार, पोहणारा माणूससुद्धा दचकून पाणी गिळतो. पोहायला परवानगी असेल तिथे पोहा की, ऑस्ट्रेलियातल्या लेक ईचॅमला लोक पोहतात, जर्मनीतल्या लाखर झे नावाच्या तळ्यात पोहतात, मी काही सोवळं पाळा म्हणत नाहीये. पण लीडरने आधी स्वतः काठ बघावा, लाईफ जॅकेट असावीत, आणि जिथे पाटी लावलेली असेल तिथे पाटीचं ऐकावं. काही तळ्यांचं पाणी तर पाणी म्हणण्यासारखंच नसतं. इंडोनेशियातलं कावाह इजेनचं तळं फोटोत इतकं सुंदर निळं दिसतं, ते तीव्र ॲसिड आहे.

आणि गॅस. लाखर झेच्या पूर्वेच्या काठाला पाण्यातून बुडबुडे येतात, सोडा वॉटरसारखे, ते कार्बन डायऑक्साइडचे. तो ज्वालामुखी शेवटचा मोठा फुटला त्याला तेरा हजार वर्षं होत आली तरी खालून गॅस येतोय, म्हणजे तुमचं ते डेड. तिथे लोक बुडबुडे बघायला मुद्दाम जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हा गॅस हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही, खोलगट जागी साचतो. मग जिथे बुडबुडे किंवा गॅसच्या पाट्या दिसतात तिथे वाऱ्यापासून आडोसा म्हणून खोलगटात तंबू टाकायचा नाही हे लीडरला पाठ पाहिजे. कॅमेरूनमध्ये न्योस तळ्यात २१ ऑगस्ट १९८६ ला काय झालं ते वाचा एकदा. तळाशी वर्षानुवर्षं साठलेला गॅस एका रात्रीत वर आला, दरीतून खाली वाहत गेला आणि पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या गावांमधली साधारण १,७०० माणसं गेली. पुढे २००१ पासून तिथे पाइप टाकून तळाचं पाणी कारंज्यासारखं वर काढतात, गॅस थोडाथोडा सुटावा म्हणून. सगळी तळी न्योस नसतात, फार फार थोडी असतात, पण आपण कुठल्या तळ्याकाठी बसलोय एवढं तरी माहीत असलं पाहिजे ना, माणसं तुमच्या भरवशावर येतात.

चला, भीती घालून झाली. आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसले ते.

तुम्ही आम्हाला तळ्याकडे पळवता आणि जंगल मधे आडवं येतं असं वागता. अहो जंगल हीच तर मजा आहे! रिमवर वारा असतो, ऊन असतो, झाडं खुजी. जसं उतरत जावं तसा वारा बंद होतो, हवा ओलसर होते, झाडं उंच व्हायला लागतात कारण त्यांना कड्याचा आडोसा मिळतो, खोडांवर शेवाळ चढतं, पायाखालचा घसारा जाऊन पानांचा मऊ थर लागतो. दोनशे मीटरच्या उतारात तीन वेगळी जंगलं बघायला मिळतात पण पुढच्यांना दिसतं फक्त पुढच्याचं सॅक. मला दिसतं कारण मी हळू आहे, मला हळू असण्याचं यापलीकडे काही कौतुक नाही. त्या दिवशी बावीस जण ज्या फांदीखालून गेले त्याच फांदीवर अख्खं माकडांचं कुटुंब गप्प बसलं होतं, पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं, ते आमच्या मागच्या मुलाने आणि मी पाहिलं. त्याने तर पुढे येऊन सांगितलंसुद्धा, कुणी ऐकलं नाही, स्पीकर चालू होता.

स्पीकरवरून आठवलं. क्रेटर हे वाडगं आहे, आवाज त्यात घुमतो. तुम्ही काठावर गाणं लावता ते समोरच्या कडेला, रिमवर शांत बसलेल्या माणसाला पण ऐकू जातं, आणि पक्ष्यांना उठून जायला दुसरी बाजूच राहत नाही, सगळ्या बाजूंना तोच आवाज. उलट तुम्ही पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवलंत ना तर तोच घुमणारा खड्डा तुमच्यासाठी काम करतो, पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याच्या पंखांची फडफड अलीकडे ऐकू येते. मी ऐकलीये. पाच मिनिटंच म्हणतेय, मौनव्रत नाही.

जंगलाची अजून एक गोष्ट सांगते, ही मला फार आवडते. लेक ईचॅमच्या भागात राहणारे मूळचे आदिवासी लोक न्गाजोन. ईचॅम, बॅरीन आणि युरामू ही तिथली तिन्ही तळी कशी झाली त्याची त्यांच्यात गोष्ट आहे, दोन तरुणांनी निषिद्ध ते केलं, जमीन गर्जायला लागली, आकाशाचा रंग बदलला, जमीन फाटली आणि माणसं आत गेली. १९६४ मध्ये ही गोष्ट लिहून घेतली गेली तेव्हा सांगणाऱ्याने सहज सांगितलं की हे झालं तेव्हा तळ्यांभोवती असं घनदाट जंगल नव्हतं, मोकळा झुडपी माळ होता. पुढे तळाच्या गाळातले परागकण तपासले तर कळलं की तिथलं वर्षावन साधारण ७,६०० वर्षांचंच आहे, त्याआधी खरंच तसा माळ होता. म्हणजे काय तर एवढ्या पिढ्या लोकांनी तोंडातोंडी सांभाळून ठेवलं की जंगल नंतर आलं. त्या तळ्याभोवती तीन किलोमीटरची सपाट वाट आहे, झाडीतून अख्खी फेरी होते, ज्याला पोहायचं नाही त्याचा दिवस वाया जात नाही. अशी गोष्ट तुम्ही रिमवर उभं राहून पाच मिनिटांत सांगू शकता. गूगलवर शोधायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील. त्याऐवजी आम्हाला काय सांगितलं, "इथे रील मस्त येतो."

आता शॅम्पूवाल्या ताई. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नदीत साबण गेला तर तो वाहून पुढे जातो (तेही वाईटच, पण जातो). यातल्या बऱ्याच तळ्यांना बाहेर जायला वाटच नसते. पाऊस पडतो, थोडं जमिनीत मुरतं, बाकीचं वाफ होऊन उडतं, आणि वाफ होताना शॅम्पू, खरकटं, सनस्क्रीन काही उडत नाही, ते तिथेच. तुमची ट्रिप एका दिवसाची पण ट्रिप दर शनिवार-रविवार आहे.

आणि फक्त कचराच नाही. ओरेगनच्या तळ्यात मुळात एकही मासा नव्हता. १८८८ मध्ये विल्यम स्टील नावाच्या गृहस्थांनी पिल्लं नेऊन सोडली, गंमत म्हणजे हाच माणूस पुढे ते तळं नॅशनल पार्क व्हावं म्हणून वर्षानुवर्षं धडपडला आणि १९०२ मध्ये ते झालंही, म्हणजे तळ्यावर त्याचा जीव होता. लोकांना गळ टाकायची मजा मिळावी एवढाच हेतू. मासे १९४१ पर्यंत सोडत राहिले. मधे १९१५ मध्ये माशांना खाणं हवं म्हणून क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी) आणून टाकले. आज त्या क्रेफिशनी काठाचा बराचसा भाग व्यापलाय आणि तिथला माझामा न्यूट, पालीसारखा दिसणारा पाण्यातला छोटा प्राणी, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, तो जिथे क्रेफिश पोचलेत तिथून गायब होतोय. ग्वाटेमालातल्या आतितलान तळ्यात १९५८ मध्ये पर्यटकांना गळाला लावायला म्हणून बास जातीचे मासे सोडले. त्या तळ्यावर उडता न येणारी एक मोठी टिबुकली (पाण्यात बुड्या मारणारा पक्षी) होती, तिचं खाणं आणि पिल्लं दोन्ही त्या माशांनी खाल्लं. बाकीही कारणं होती, १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरलं, काठाचं लव्हाळं कापलं गेलं, पण १९९० च्या सुमाराला ती जात संपली. ईचॅममध्ये तर बाहेरचे म्हणजे परदेशी पण नाही, जवळपासच्याच ओढ्यांतले मासे कुणीतरी आणून सोडले आणि १९८० च्या दशकात त्या तळ्याचा स्वतःचा रेनबोफिश तिथून नाहीसा झाला. नशिबाने तो नंतर दुसऱ्या ओढ्यांमध्ये सापडला.

या तिन्ही ठिकाणी कुणी वाईट माणूस नव्हता बघा. मला हेच टोचतं. सगळे तुमच्यासारखे, लोकांना मजा यावी म्हणून झटणारे. म्हणून म्हणते, पुढच्या वेळी कुणी एक्वेरियममधला मासा "मोकळा करायला" डब्यात घालून आणला तर त्याला बसमध्येच थांबवा. उरलेला भात माशांना टाकू देऊ नका. केस रिसॉर्टवर धुवा. वाटेची वळणं तोडून शॉर्टकट मारू नका, आतला उतार राखेचा आणि भुसभुशीत असतो, एकदा पायाने घळ पडली की पुढच्या पावसात माती थेट तळ्यात.

तुम्ही म्हणाल मॅडम, एवढं सगळं केलं तर ट्रिप कधी करायची, लोकांना मजा हवी असते. हो हवी असते, मलाही हवी असते, मी काय तिथे निबंध लिहायला येते? पण तुमचं वेळापत्रक बघा ना, रिमवर दहा मिनिटं, उतार पळत, पाण्यात तीन तास, चढ रडत. तेच उलटं करून बघा. रिमवर निवांत अर्धा तास, तिथून वाडग्याचा आकार दिसतो, खाली गेल्यावर तो कधीच दिसत नाही. उतरताना दोनतीन ठिकाणी थांबा. पाण्याशी एक तास पुरे. आणि निघा लवकर, कारण कड्यामुळे खाली सूर्य लवकर मावळतो, वर ऊन असताना खाली संध्याकाळ झालेली असते, आणि गार हवा तळाशी येऊन बसते. त्या दिवशी काका बसले तिथे साडेतीनलाच सावली आली होती आणि घामाने भिजलेला माणूस कुडकुडायला लागला. मोबाईलला रेंज नाही. तुमच्या त्या मागच्या मुलाने स्वतःचं जॅकेट दिलं, स्वतःची पाण्याची अर्धी बाटली दिली, आणि काकांना गप्पांत गुंतवून वीस वीस पावलं करत वर आणलं. त्याचं वय असेल बावीस. त्याला ग्रुपवर कुणी थँक्यू म्हटलं नाही, फोटोतही तो कुठेच नाहीये कारण ग्रुप फोटो काढून झाला तेव्हा आम्ही अजून खालीच होतो.

टांझानियात एम्पाकाई म्हणून एक क्रेटर आहे, जंगलातून उतरायचं, खाली तळं आणि फ्लेमिंगो, तिथे रेंजर बंदूक घेऊन बरोबर असल्याशिवाय उतरूच देत नाहीत कारण झाडीत रानम्हशी असतात. मला ते वाचून हेवा वाटला, बंदुकीचा नाही, तर रेंजरला सोडून कुणी पुढे पळू शकत नाही याचा. सगळी लाईन एकत्र. सगळे त्याच्या वेगाने.

असो. पुढच्या महिन्यातल्या ट्रिपला मी नाव दिलंय, पैसेही भरलेत, त्यामुळे हे वाचून मला ग्रुपमधून काढू नका. दोन्ही काठ्या आणतेय, पाण्याच्या बाटल्या तीन, त्यातली एक चढासाठी सील न तोडता. त्या मागच्या मुलाला यावेळीही आणा. आणि रिमवर खरंच अर्धा तास थांबणार असाल तर आधी कळवा, म्हणजे दुर्बीण पण घेते.

तुमची,
लायनीत शेवटून दुसरी